चित्र डोक्यापासून काढा

बिरादार सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून दोन पानं लिहून घेतली. मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, शिस्तीचे भोक्ते, असे सगळे शब्द त्यात आहेत. छापून आल्यावर मी ती वाचली आणि माझी मलाच लाज वाटली. सर मनमिळाऊ कधीच नव्हते. रागीट होते. त्यांचा राग बहुतेक वेळा बरोबर जागी पडायचा, मात्र एक जागा अशी होती जिथे तो सगळ्यात आधी पडायला हवा होता, आणि तिथे त्यांनी तो वर्षानुवर्षं पडू दिला नाही. त्यासाठी मी त्यांच्यावर अजून चिडलेली आहे. स्मरणिकेत हे लिहिता येत नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. मी माहेरची उदगीरची. लग्न होऊन बसवकल्याणला आले, नोकरी लागली आणि स्टाफरूममध्ये मला जे टेबल मिळालं ते सरांच्या टेबलाला चिकटून होतं. एकोणीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. उंच, सावळे, बोटं कायम खडूने पांढरी. घड्याळ उजव्या हातात आणि तबकडी आतल्या बाजूला, त्यामुळे वेळ बघायची तर मूठ उलटी करावी लागे. चिडले की ते घड्याळ बघत, आणि नव्या माणसाला वाटायचं की हे आता हात उगारणार. क्लार्कशी कन्नड, शिपायाशी दखनी, आमच्याशी मराठी आणि वर्गात तिन्हींची खिचडी. चिडल्यावर मात्र फक्त मराठी, तीही उमरग्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावातली.

चालायचे फार भरभर. बाजारच्या दिवशी सर भाजीच्या ओळीच्या त्या टोकाला पोचलेले असत आणि त्यांच्या पत्नी कमलाक्का दोन पिशव्या सांभाळत दहा पावलं मागे. मी एकदा न राहवून म्हटलं, जरा थांबत जा की त्यांच्यासाठी. "तिला सवय हाय," सर म्हणाले. कमलाक्का हसल्या. मी नाही हसले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. गावाला ते ठाऊक होतं आणि ते कुणामुळे हेही गावाने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. बारशाला कमलाक्का मागच्या रांगेत बसत. बाळाला आणलेलं अंगडं-टोपडं दुसऱ्या कुणाच्या हातून पुढे पाठवत, पाळण्याला स्वतः हात लावत नसत. लग्नानंतरची आठ वर्षं सासू त्यांना गाणगापूरला नेत असे. संगमावर अंघोळ, दुपारी पाच घरी माधुकरी आणि मग औदुंबराला प्रदक्षिणा. सासू पारावर बसून प्रत्येक फेरीला एक शेंगदाणा बाजूला टाकायची, म्हणजे सून मोजणीत लबाडी करणार नाही. हे कमलाक्कांनीच मला सांगितलं, हसत हसत. माझी दत्तमहाराजांवर श्रद्धा आहे, आजही आहे. पण त्या शेंगदाण्यांची गोष्ट ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

स्टाफरूममध्ये कुणाच्या तोंडून एखाद्या बाईबद्दल 'वांझ' हा शब्द निघाला की सर पेपर तपासता तपासता मान वर करत. मूठ उलटी. "रिपोर्ट कुणाचा बघितलाव?" एवढंच विचारायचे. समोरचा चाचरला की पुढचा प्रश्न, "तिचा बघितलाव का त्याचा?" कुणी उत्तर देत नसे, कारण 'त्याचा' रिपोर्ट आमच्या भागात कुणी काढतच नाही. बाईला हैदराबाद दाखवतात, सोलापूर दाखवतात, सगळे देव दाखवतात. नवऱ्याला दवाखान्याची पायरी दाखवत नाहीत.

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, मानवी प्रजननाचा धडा आहे. सर येण्याआधी आमच्याकडे त्याची एक पद्धत होती. मुलींना लायब्ररीत पाठवायचं, मुलांना 'घरी वाचून घ्या' म्हणायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं. सरांनी पहिल्याच वर्षी मुला-मुलींना एकत्र बसवून तो पूर्ण शिकवला. दोन पालकांनी तक्रार केली. संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद स्टाफरूममध्ये येऊन सरांना समजावू लागले की निदान पुरुषाच्या शरीराचा भाग असेल तेव्हा तरी पोरींना बाहेर पाठवा. हा किस्सा मी नोकरीला लागले तेव्हा जुने लोक रंगवून सांगत. सर म्हणाले होते, "ज्यांच्यावर उद्या आळ येणार हाय, त्यांनाच आज बाहेर काढायलाव? कामून?" सभासद गेले ते त्या विषयावर परत बोलले नाहीत.

तो तास मी पुढे बरेचदा दारात उभी राहून ऐकला. माझी लॅब समोरच होती. सर आत येत, फळ्यावर धड्याचं नाव लिहीत, मग वर्गाकडे वळून घड्याळ बघत. "दोन मिनिटं. हसून घ्या. पोट भरून हसा. मग ह्या धड्याला कुणी हसायचं न्हाई, इथं बी न्हाई आन लगीन झाल्यावर बी न्हाई." पोरं फिसफिसत, एकमेकांना कोपरं मारत. पण सांगून हसायला लावलं की हसू फार वेळ टिकत नाही. मिनिटभरात वर्ग गप्प व्हायचा. सर तरी दोन मिनिटं पूर्ण होऊ देत. त्या दुसऱ्या मिनिटात पोरांचे चेहरे बघण्यासारखे असत.

मग खडू. "पुस्तकवाल्यानं चित्र कमरेपासनं काढलंय, म्हणून तुम्हाला हसू यायलंय. तुम्ही डोक्यापासनं काढा." फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ते एका रेघेत माणसाचं डोकं काढत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, त्याच्याखाली लोंबणारी वाटाण्याएवढी पिट्युटरी. तिथून रक्तातून खाली येणारे दोन निरोपे, एलएच आणि एफएसएच. एक निरोप्या वृषणातल्या नळ्यांच्या मधल्या पेशींकडे जातो आणि टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतो. दुसरा नळ्यांच्या आतल्या पेशींकडे जातो, ज्या शुक्राणूंना पोसतात. एवढं झाल्यावर मगच सर खाली येत. वृषणं अंगाच्या बाहेर का टांगलेली, तर शुक्राणूंना अंगाची ऊब सोसत नाही, दोन-अडीच अंश थंडच लागतं. इथे घट्ट लंगोट, घट्ट जीन्स आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणारे अशा सगळ्यांची खरडपट्टी निघायची. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, मग अधिवृषणात मुरायला आणखी दिवस, मग शुक्रवाहिनी, मग पुरःस्थ ग्रंथीचा आणि बाकीच्या ग्रंथींचा रस. रेघ कुठेही न तोडता सगळं चित्र.

शेवटी लाल खडू. वृषणापासून उलटा वर डोक्याकडे जाणारा एक बाण. "हुकूम वरनं, जबाब खालनं. खालनं जबाब गेला की वरचा गप बसतो, हुकूम थांबवतो. हा बाण जो विसरला त्याला धडा कळला न्हाई." परीक्षेत निम्मी पोरं तो बाण विसरायची आणि सर निर्दयपणे मार्क कापायचे.

आणखी एक वाक्य ते दर वर्षी सांगत, जे पुस्तकात नव्हतं. मोठेपणी गालगुंड झाले आणि सूज खाली उतरली, तर वृषणातल्या नळ्या कायमच्या निकामी होऊ शकतात. हे वाक्य ते फळ्याकडे तोंड करून सांगत. मला वाटायचं, चित्र पूर्ण करायची घाई असेल.

आता रेणुकाची गोष्ट. रेणुका आम्हा दोघांची विद्यार्थिनी, हुशार, माझ्या लॅबमध्ये कधी काच न फोडलेली एकमेव मुलगी. बी. एस्सी. होताच तिचं शरणूशी लग्न झालं. हुमनाबादकडचं खातंपितं शेतकरी घर. शरणूही आमचाच जुना विद्यार्थी. पोरगेला होता तेव्हा जत्रेत कुस्त्या खेळायचा, पुढे तालीम सुटली आणि जिम लागली. छाती, दंड, मोबाइलवर रोज स्वतःचे व्हिडिओ. चार वर्षं झाली, मूल नव्हतं.

एका दुपारी रेणुका स्टाफरूममध्ये आली. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्या तपासण्यांची, हैदराबादची आणि सोलापूरची. सगळं ठीक असल्याचं प्रत्येक कागदावर लिहिलेलं. सासरचे म्हणत, मशीन चुकतं. मग तिने मोबाइलवर एका औषधाच्या बाटलीचा फोटो दाखवला. शरणू दर आठवड्याला दंडात हे टोचून घेतो, ताकदीचं म्हणून. दोन वर्षं झाली. मी लेबल वाचलं. टेस्टोस्टेरॉन. मी तोंडाला पदर लावला.

"मूल होईना म्हणून जिमवाल्यानं डोस वाढवायला सांगितलाय, मॅडम," रेणुका म्हणाली. "पुरुषाची ताकद वाढली की लेकरू होतंय म्हणाला."

सरांनी फोटो बघितला. मग टेबलावरचाच एक कोरा पेपर घेऊन त्यावर डोकं काढलं, वाटाणा काढला, खाली दोन गोल आणि लाल पेनाने वर जाणारा बाण. रेणुकाला ते पाठ होतं, तरी त्यांनी पुन्हा सांगितलं. तुमच्या घरावरची टाकी घे. आत बॉल असतो. टाकी भरली की बॉल वर येतो आणि नळ बंद. आता कुणी टँकर लावून वरनंच टाकी भरली, तर बॉलला काय कळतंय पाणी कुठलं ते? तो वरच राहतो, नळ कायमचा बंद. बाहेरून एवढं टेस्टोस्टेरॉन आलं की डोक्याला वाटतं खाली भरपूर आहे. दोन्ही निरोपे थांबतात. नळ्यांमधला कारखाना बसतो, वृषणं आकसतात. दंड फुगतो आणि शुक्राणू शून्यावर येतात. जो डोस मुलासाठी वाढवला, त्यानेच मूल अडवलं.

"थांबवलं तर परत चालू हुईल का?" रेणुकाने विचारलं.

"बऱ्याचदा हुतं. महिने लागतात. डॉक्टरच्या हाताखाली थांबवावं लागंल. पण आधी त्याची तपासणी."

दुसऱ्याच दिवशी सर जिममध्ये गेले. साठीला टेकलेला माणूस, पायात चपला, लोखंडाच्या त्या खणखणाटात उभा. शरणूने ऐकून घेतलं आणि दंड वळून दाखवला. ह्यात काय कमी दिसायलंय, सर? पोरं हसली. सरांनी मूठ उलटी करून घड्याळ बघितलं आणि बाहेर आले. मला म्हणाले, दोन मिनिटं दिली त्याला, हसून घेतलं.

त्यानंतर आठवड्याभरात धड्याचा तास होता. पहिल्या बाकावर पल्लवी नव्हती. पल्लवी म्हणजे रेणुकाची धाकटी बहीण, तेव्हा दुसऱ्या वर्षाला, नुकती अठरा पूर्ण झालेली. तास संपवून सर सरळ माझ्या लॅबमध्ये आले. पल्लवीची मैत्रीण त्यांना सांगून गेली होती. रेणुकाला मूल होत नाही म्हणून शरणूला पल्लवी द्यायचं ठरत होतं. थोरलीच्या घरात धाकटी, म्हणजे सवत परकी नको, घरातली घरात राहील. मुलींचे वडील विठ्ठलअप्पा कबूल झाले होते. बेस्तवारी, म्हणजे गुरुवारी, सुपारी फुटणार होती, आणि आमच्याकडे एकदा सुपारी फुटली की बाप शब्द मागे घेत नाही.

मी पोलिसांत जाऊ म्हटलं. सर म्हणाले, जाऊ, पण आधी सुपारीच्या बैठकीत जाऊ. पोलीस एक लगीन थांबवतील, रेणुकाच्या अंगावरचं 'वांझ' हे नाव कोण काढंल? मला म्हणाले, तुम्ही आतल्या घरात बायकांत बसा. कमलालाबी घेतो.

बेस्तवारी सकाळी आम्ही तिघे अॅटोने विठ्ठलअप्पांच्या घरी गेलो. वाटेत सरांचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर दहा-बारा पुरुष, मध्ये ताटात सुपारी. आतल्या घरात आम्ही बायका, मधलं दार उघडं. रेणुका भिंतीला टेकून बसलेली. पल्लवीला नवी साडी नेसवली होती आणि तिने दोन्ही हातांनी ताईचा पदर धरून ठेवला होता, सुटला तर संपलंच. कमलाक्का पल्लवीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. तिथल्या एका म्हातारीने पल्लवीला हळूच सरकवलं, शुभकार्याच्या वेळी कमलाक्कांपासून लांब. मी ते बघितलं. कमलाक्कांनीही बघितलं. त्यांना सवय होती.

सरांनी बाहेर सगळं मांडलं, डोकं, बाण, टाकी, टँकर. शरणूला म्हणाले, तुझी एक तपासणी कर, मग काय ते ठरवा. बैठक चुळबुळली. विठ्ठलअप्पा खाली बघत राहिले. तेव्हा शरणूचे चुलते बोलले, शांतपणे, पान चघळत. "मास्तर, तुम्ही आमाला लेकरं कशी हुतात ते सांगायलाव. तुमच्या घरात किती हायत?"

कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी घड्याळ बघितलं नाही. खिशातून घडी घालून घालून पिवळा पडलेला एक कागद काढला, उघडला आणि ताटात सुपारीवर ठेवला.

"एक बी न्हाई," सर म्हणाले. "आन ते माझ्यामुळं. हा माझा रिपोर्ट. वाचता येतंय त्यानं वाचा, शून्य लिवलंय. माझ्या बायकोला समद्या गावानं वांझ म्हटलं. तिच्यात कायबी खोट नव्हती. मी पुरुष हाय, नोकरी केली, घर बांधलं, शून्य असून बी माझं काय अडलं न्हाई. शरणूचं बी अडणार न्हाई. पण दोन पोरींचा जीव ह्या ताटात ठिवायच्या आधी त्याचा बी कागद इथं यायला पायजे."

मी कमलाक्कांकडे बघितलं. त्यांनी सरकून पल्लवीचा हात धरला होता आणि दाराकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हातारी उठून चुलीकडे गेली.

सुपारी फुटली नाही. विठ्ठलअप्पांनी ताट उचलून आत दिलं, एवढंच. रेणुका बापाच्याच घरी राहिली. शरणू उठून निघून गेला. पण महिन्याभरात त्याच्या आईनेच त्याला सोलापूरला नेलं. रिपोर्ट शून्य. पल्लवी तर बैठकीच्या पुढच्याच आठवड्यात पहिल्या बाकावर परत आली होती.

बैठकीनंतर आम्ही अॅटोनेच परतलो. कॉलेजच्या फाट्याला मी उतरणार, तेवढ्यात कमलाक्का समोर बघत म्हणाल्या, "माझी सासू जिती असताना सांगायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी सगळी स्टाफरूम सरांचं कौतुक करत होती. मी करू शकले नाही. टेबलाला टेबल लावून इतकी वर्षं 'रिपोर्ट कुणाचा' असं जगाला विचारणाऱ्या माणसाचा स्वतःचा रिपोर्ट कपाटात होता. मी विचारलंच. लग्नानंतर आठ वर्षांनी, एकटेच सोलापूरला जाऊन त्यांनी तपासणी केली होती. त्याच दिवशी स्वयंपाकघरात कमलाक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, कुणाला सांगू नका, तुमचं नाव जाईल. गाणगापूरच्या फेऱ्या तेवढ्या बंद झाल्या, बाकी सगळं तसंच राहिलं.

"तिनंच न्हाई म्हटलं हुतं," सर म्हणाले.

"आणि तेवढं तुम्ही लगेच ऐकलंत," मी म्हटलं. "बाकी उभ्या आयुष्यात त्यांचं काय ऐकलंत, सर? साधं बाजारात थांबला नाहीत."

त्यांनी मूठ उलटी केली, बघितलं आणि तास नसताना वर्गावर निघून गेले. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. मला माझं बोलणं लागत होतं, पण मागे घ्यावंसं वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

शरणूने इंजेक्शन सोडलं. आठ-नऊ महिन्यांनी त्याच्या तपासणीत शुक्राणू दिसू लागले, आणि लगेच सासरचे रेणुकाला न्यायला आले, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. रेणुकाने सांगितलं, जी माणसं मला वांझ धरून बैठकीला बसली, तीच परत बसवा आणि तिथे म्हणा की ती वांझ नव्हती. मग येते. ते अजून तसं म्हणायला तयार नाहीत आणि ती अजून बापाच्या घरी आहे, शिकवण्या घेते. विठ्ठलअप्पाही आता तिला जा म्हणत नाहीत. ती हे कुणाकडून शिकली ते मला ठाऊक आहे. सरांकडून नाही. त्या दिवशी आतल्या घरात तिच्याजवळ कमलाक्का बसल्या होत्या.

बैठकीनंतरचं वर्ष हे सरांचं शेवटचं. धड्याचा तास आला तेव्हा पल्लवी पास होऊन पुढच्या वर्गात गेली होती, तरी ती त्या दिवशी आली आणि बरोबर कमलाक्कांना घेऊन आली. सगळे ह्या तासाबद्दल बोलतात, मी कधी बघितलाच नाही, असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. मी माझ्या नेहमीच्या जागी, दारात.

सर आत आले, त्यांना बघून क्षणभर थबकले. मग घड्याळ, दोन मिनिटं. बाई बसलेली बघून पोरं हसलीच नाहीत, ती दोन मिनिटं सगळे नुसते बसून राहिले. मग डोकं, वाटाणा, दोन निरोपे, नळ्या. त्या दिवशी चित्र फार सुंदर आलं होतं. मग ते वाक्य आलं. ह्या वेळी सरांनी फळ्याकडे तोंड केलं नाही. वर्गाकडे बघत म्हणाले, मोठेपणी गालगुंड झाले आणि सूज खाली उतरली तर नळ्या कायमच्या जाऊ शकतात. "उदाहरण तुमच्यापुढं उभं हाय. सतराव्या वर्षी झाले हुते मला. घरच्यांनी लेप लावला, आठ दिवसांत सूज उतरली, समदे इसरले."

त्यांनी लाल खडू घेतला आणि बाण काढायला वळले. तेवढ्यात मागून कमलाक्कांचा आवाज आला, मोठा नाही, पण वर्गात दुसरा आवाजच नव्हता.

"हे गालगुंडाचं तुम्ही पोरांना कवापासनं शिकवायलाव?"

सरांचा हात बाणावर थांबला. पाठ वर्गाकडेच होती. त्यांना खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी मलाही वाटलं की त्यांनी बोलावं.

"नोकरीच्या पयल्या सालापासनं," ते म्हणाले.

नोकरी लग्नाच्या आधीची. म्हणजे गाणगापूरची आठही वर्षं. पारावर सासू शेंगदाणे टाकत होती, कमलाक्का फेऱ्या मारत होत्या, आणि तिकडे बसवकल्याणात हा माणूस दर वर्षी फळ्याकडे तोंड करून तेच वाक्य सांगत होता. त्यांना रिपोर्टची गरज नव्हती. त्यांना आधीपासून भीती होती आणि ती भीती कमलाक्कांना अनवाणी फिरवत होती.

कमलाक्का उठल्या. पल्लवीही उठू लागली, तिच्या खांद्याला हात लावून त्यांनी तिला खाली बसवलं. पिशवी घेतली, दोन बाकांमधून सावकाश पुढे आल्या, फळ्याजवळ क्षणभर थांबून ते चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या शेजारून बाहेर गेल्या.

सरांनी घंटा व्हायच्या आधी कधी तास सोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी खडू फळ्याच्या फळीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडले. बाण अर्धाच राहिला होता, छातीपर्यंत आलेला. मी व्हरांड्याच्या कठड्याशी गेले. खाली मैदानात ऊन होतं. कमलाक्का फाटकाकडे चालल्या होत्या, त्यांच्या नेहमीच्या चालीने, न थांबता, मागे न बघता. सर त्यांच्या मागे होते. एरवी त्यांनी ते अंतर चार ढांगांत तोडलं असतं. त्या दिवशी ते दहा पावलं मागेच राहिले, आणि फाटकाबाहेर दिसेनासे होईपर्यंत त्यांना पुढे जाता आलं नाही.